पडद्यापलीकडचा विद्यार्थी आणि शिक्षकाचा शेरा

(पाचोड, तालुका पैठण, येथील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाच्या हातून दिवसभरात जी अनेक कामे होतात, त्यांत वही तपासण्याचे काम सर्वांत जुने आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे आहे. पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, शैक्षणिक साहित्य कसे सिद्ध करावे, यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु विद्यार्थ्याने केलेल्या कामावर शिक्षकाने काय म्हणावे, केव्हा म्हणावे व कोणत्या शब्दांत म्हणावे, हा प्रश्न बहुधा सुटलेला आहे असेच गृहीत धरले जाते. वही समोर आली, लाल शाईची खूण झाली, सही झाली, की काम संपले, अशी समजूत रूढ आहे. वर्गात ही समजूत फारशी बाधत नाही. वहीवर जे लिहिले जात नाही, ते शिक्षक तेथे नजरेने, हाताच्या खुणेने आणि बाकाजवळ क्षणभर थांबून सांगत असतो. विद्यार्थी पडद्यापलीकडे गेला म्हणजे मात्र हा न बोलता चालणारा व्यवहार थांबतो आणि मागे उरतो तो केवळ शेरा. म्हणूनच ऑनलाइन अध्यापनाच्या संदर्भात या जुन्या प्रश्नाचा नव्याने विचार करणे प्राप्त झाले आहे.

पाचोडच्या पंचक्रोशीत हा विचार केवळ पुस्तकी नाही. दिवाळी सरली की पैठण तालुक्यातील, तसेच शेजारच्या बीड व जालना जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराबरोबर मुलेही बसतात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने किंवा आजी-आजोबांजवळ गावी राहतात. काही फडावर जातात. हजेरीपटावर नाव राहते, बाक मात्र रिकामा होतो. अशा विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या शाळेच्या मध्ये पुष्कळदा एकच धागा शिल्लक असतो, तो म्हणजे वडिलांच्या खिशातील मोबाइल. वडील अंधार पडल्यावर कोपीवर परततात. जेवणे होतात. मग मूल वहीचे पान उजेडात धरून त्याचा फोटो काढते आणि शिक्षकाकडे पाठविते. शिक्षकाकडून उत्तर येते : उंचावलेला अंगठा, किंवा ‘छान’ हा एक शब्द. मूल आनंदाने झोपी जाते.

त्या अंगठ्याने मुलास काय कळले? काय बरोबर आले, काय चुकले आणि उद्या काय करावयाचे, यांपैकी एकही गोष्ट त्यास कळली नाही. गुरुजींनी फोटो पाहिला, एवढेच कळले. आणि तो लक्षपूर्वक पाहिला किंवा नाही, हेही निश्चित कळले नाही. धागा होता, परंतु त्यावरून काही गेले नाही.

व्यवहारात ज्यास फीडबॅक म्हणतात, त्यास मराठी शिक्षणशास्त्रात प्रत्याभरण हा शब्द आहे. शेरा आणि प्रत्याभरण यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. शेरा हा झालेल्या कामाचा निवाडा असतो. प्रत्याभरणाचा उद्देश पुढचे काम सुधारावे हा असतो. न्यूझीलंडमधील जॉन हॅटी आणि हेलन टिंपरली या अभ्यासकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात प्रत्याभरणाने विद्यार्थ्याच्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, असे प्रतिपादन केले आहे. कोठे जावयाचे आहे? सध्या कोठवर पोहोचलो? येथून पुढचे पाऊल कोणते? ‘छान’ या शब्दाने यांतील एकाचेही उत्तर मिळत नाही. ‘चूक’ या शब्दानेही मिळत नाही. या दोन्ही शब्दांत अंतर मोठे दिसते. परंतु पुढच्या पावलासंबंधी दोन्ही सारखेच मौन पाळतात.

महाराष्ट्रातील शिक्षकांस या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आला तो कोरोनाच्या साथीत. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या नावाने अभ्यासमाला चालविली. दीक्षा अॅपवरील पाठांचे दुवे व्हॉट्सअॅपच्या गटांतून घरोघर गेले. सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका प्रक्षेपित झाली. अनेक शिक्षकांनी गावोगाव फिरून ओट्यावर, झाडाखाली, मंदिराच्या सभामंडपात चार-चार मुलांना गोळा करून शिकविले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते 1 डिसेंबर 2021 रोजी. त्या दीर्घ काळात पाठ पोहोचविण्याचे प्रयत्न थोर झाले, यात शंका नाही. परंतु पाठ जाण्याचा रस्ता रुंद झाला आणि विद्यार्थ्याचे काम परत येऊन त्यावर शिक्षकाचे सांगणे जाण्याचा रस्ता अरुंदच राहिला. शंभर पाठ गेले व दहा वह्या परत आल्या, तर त्या दहांवर काय म्हणावे याची तयारी कोणाचीही झालेली नव्हती.

ही उणीव ओळखून नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यात व्हॉट्सअॅपवरील ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू झाला. प्रश्न यावेत, विद्यार्थ्याने पर्याय निवडावा आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यास तत्काळ कळावे, अशी ती योजना होती. तत्काळ कळणे हा मोठाच गुण होय. तथापि यंत्र उत्तर पाहते. उत्तरापर्यंत मूल कोणत्या वाटेने गेले, हे पर्यायांच्या खुणेवरून दिसत नाही. ती वाट पाहणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि दूर असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते अधिकच त्याचे काम आहे.

अंतरावरून शिकविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत कोठेही पत्र जाईल अशी टपालव्यवस्था सुरू झाली, तेव्हा आयझॅक पिटमन या गृहस्थाने टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. तो धडे पाठवी. विद्यार्थी उतारे लघुलिपीत लिहून परत पाठवीत. पिटमन ते तपासून पुन्हा धाडी. छापील पुस्तके तर पूर्वीही टपालाने जात होती. पिटमनचा उपक्रम शिक्षण ठरला, याचे कारण तपासलेला कागद विद्यार्थ्याकडे परत जात असे.

दुसरे उदाहरण घरचे आहे. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील 150 खेड्यांसाठी शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे कळवाव्यात आणि केंद्राने त्यांची उत्तरे द्यावीत, अशी त्याची रचना होती. रेडिओ हे एकमार्गी साधन; परंतु परतीच्या वाटेची सोय करताच त्याच रेडिओने विचारविनिमय घडवून आणला. आजच्या मोबाइलमध्ये परतीची वाट जन्मतःच आहे. ती न वापरता केवळ दुवे पाठवीत राहणे म्हणजे मोबाइलचा पुन्हा रेडिओ करणे होय.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. शिक्षकाने काहीतरी सांगितले म्हणजे विद्यार्थ्याचे हितच होते, असे मानण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी खरा नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये प्रत्याभरणावरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने प्रत्याभरण लाभदायक ठरले. परंतु एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी त्याने काम सुधारण्याऐवजी खालावलेले आढळले. सांगण्याचा रोख कामावरून ढळून माणसाकडे वळला, की लाभ घटतो, असे त्यांचे मत पडले. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तू निष्काळजी आहेस’, ही दोन्ही वाक्ये मुलाविषयी आहेत. त्याच्या कामाविषयी नाहीत.

रूथ बटलर यांनी इस्राएलमधील शाळांत केलेला, 1988 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही शिक्षकाने मनन करावा असा आहे. काही विद्यार्थ्यांस केवळ गुण दिले, काहींस केवळ लेखी टिपणी दिली, तर काहींस गुण व टिपणी दोन्ही दिले. ज्यांस केवळ टिपणी मिळाली, त्यांचे पुढचे काम सुधारले व गोडीही टिकली. गुण व टिपणी दोन्ही मिळालेल्यांचा लाभ होईल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे झाले नाही. गुण दिसताच टिपणी मागे पडली. पालकांच्या गटावर सर्व मुलांचे गुण एका तक्त्यात टाकून खाली ‘सर्वांनी अधिक प्रयत्न करावेत’ असे लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. समजा, फडावर गेलेल्या तिसरीतील एका विद्यार्थिनीने वजाबाकीची दोन उदाहरणे सोडवून पाठविली. 48 मधून 25 वजा करून तिने 23 लिहिले. 52 मधून 27 वजा करून 35 लिहिले. शिक्षकाने पहिल्यापुढे बरोबरची खूण व दुसऱ्यापुढे फुली केली, तर मुलीस एवढेच कळेल की एक जमले, एक जमले नाही. ‘बरोबर उत्तर 25’ असे कळविले, तर ती 35 खोडून 25 लिहील आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच चूक करील.

परंतु शिक्षकाने क्षणभर थांबून ती दोन उदाहरणे शेजारी-शेजारी पाहिली, तर निराळेच चित्र दिसते. मुलीची वजाबाकी कच्ची नाही. तिने एककाच्या घरात सातांतून दोन वजा केले, कारण लहान अंक मोठ्यातून जातो, असा नियम तिने मनाशी बसविला आहे. दशक सोडवून एकक करण्याची क्रिया तिच्या मनात उभी राहिलेली नाही. तिची चूक हा आळस नव्हे. तो चुकीचा, परंतु सुसंगत असा विचार आहे. असा विचार ओळखणे ही प्रत्याभरणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे त्या मुलीच्या हाताशी काय आहे, याचा विचार. कोपीवर दशकाचे ठोकळे नाहीत, परंतु काड्या आहेत, आणि मोळी बांधणे ही गोष्ट तर तिने दिवसभर पाहिलेली आहे. मग शिक्षकाने अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा : “बाळ, 48 मधून 25 तू बरोबर वजा केलेस. आता 52 चे पाहू. दहा-दहा काड्यांच्या पाच मोळ्या बांध आणि दोन काड्या सुट्या ठेव. त्यांतून सत्तावीस काड्या काढायच्या आहेत. सुट्या दोनच आहेत, मग सात कशा काढशील? करून बघ आणि कशा काढल्यास ते बोलून पाठव.”

मूल एक मोळी सोडील. चार मोळ्या आणि बारा सुट्या काड्या होतील. बारांतून सात गेल्या, पाच उरल्या. चार मोळ्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस हे उत्तर तिच्या हाताला लागेल, शिक्षकाच्या तोंडून येणार नाही. दुसऱ्या रात्री तिचा आवाज आला म्हणजे शिक्षकाने 61 मधून 38 वजा करावयास सांगावे. काड्या न घेता तिने 23 उत्तर आणले व का आणले ते सांगितले, तर प्रत्याभरण पूर्ण झाले. 37 आले, तर अद्याप मोळी मनात सुटलेली नाही, असे समजून पुन्हा काड्यांकडे वळावे.

या उदाहरणातील मुख्य गोष्ट काड्या ही नव्हे, आवाजी निरोप ही तर नव्हेच. मुख्य गोष्ट ही, की मुलीने ते काम पुन्हा केले आणि शिक्षकाने ते पुन्हा पाहिले. शिक्षकाच्या सांगण्याने विद्यार्थ्याचा हात पुन्हा कामास लागला नाही, तर ते सांगणे कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी वाया गेले. वर्गात हे दुसरे पाहणे सहज घडते, कारण मूल उद्या समोर येणारच असते. ऑनलाइन अध्यापनात ते ठरवून घडवावे लागते. म्हणून प्रत्येक निरोपाच्या अखेरीस विद्यार्थ्याने करावयाची एक कृती आणि परत पाठवावयाची एक वस्तू असलीच पाहिजे.

भाषेच्या वहीसंबंधी निराळा विवेक लागतो. पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. एखाद्या चौथीच्या मुलाने ‘मोसंबीची बाग’ या विषयावर लिहिले : “आम्ही बागेला पानी देतो. मोसंबी पिवळी झाली की माल पाचोडला नेतेत.” येथे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग असा, की शिक्षकाने सर्व चुका दुरुस्त करून, दोन-चार सुंदर वाक्ये स्वतःची घालून, शुद्ध परिच्छेद परत पाठवावा. मूल तो वहीत उतरवून घेईल. वही सुरेख दिसेल. परंतु त्या वहीतून मूल नाहीसे झालेले असेल.

पैठण तालुक्यातील शिक्षकास या संदर्भात नाथमहाराजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके 1506, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. काळाच्या ओघात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली ओवी घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असे बजावले. शुद्ध करणे म्हणजे मूळ लिहिणाऱ्याचे म्हणणे अधिक स्वच्छ करणे. त्या जागी आपले म्हणणे बसविणे नव्हे. बालकाची वही आणि ज्ञानेश्वरी यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु शोधन करणाऱ्याने पाळावयाची मर्यादा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

दुसरा मार्ग त्या मर्यादेतला आहे. शिक्षकाने प्रथम मुलाने जे सांगितले त्यास उत्तर द्यावे. “माल पाचोडला नेल्यावर तेथे काय होते? तू पाहिलेस ते आणखी तीन वाक्यांत लिही.” त्यानंतर एकच सुधारणा घ्यावी. “बोलताना आपण ‘पानी’ म्हणतो, लिहिताना ‘पाणी’ लिहितो. पुस्तकातून ‘ण’ असलेले पाच शब्द शोधून वहीत लिही.” ‘नेतेत’ हे रूप पुढच्या खेपेस घेता येईल. ते त्याच्या घरचे रूप आहे; त्यास अशुद्ध किंवा गावंढळ ठरविण्याचे कारण नाही. घरी असे बोलतात आणि पुस्तकात असे लिहितात, एवढा भेद त्यास कळला म्हणजे पुरे. एका पानावर दहा चुकांना दहा लाल खुणा केल्या, तर मूल एकही सुधारीत नाही. एक निवडून दिली, तर ती तरी सुधारते. कोणती एक निवडावी, हे ठरविण्यातच शिक्षकाचे शिक्षकपण आहे.

आता सोयीगैरसोयींचा विचार करू जाता पहिली अडचण वेळेची पुढे येते. तीस मुलांच्या वह्यांवर रोज असे सांगणे कोणासही शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. वर्गाचे सहा-सहा विद्यार्थ्यांचे पाच गट करावेत व आठवड्याच्या पाच दिवसांत एकेक गट घ्यावा. एका विद्यार्थ्यास पाच मिनिटे धरली, तर रोज अर्धा तास लागतो आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या कामाकडे नीट पाहणे होते. उरलेल्या दिवशी पोच दिली तरी चालेल. मात्र ती पोच आहे, प्रत्याभरण नव्हे, हे शिक्षकाने मनाशी जाणून असावे. ज्या दिवशी काम आले, त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत सांगणे जावे. आठ दिवसांनी आलेली सूचना मुलास कोणत्या उदाहरणाविषयी आहे, हेच आठवत नाही.

दुसरी अडचण साधनांची. घरात एकच मोबाइल, तोही दिवसभर वडिलांबरोबर, रेंज कधी आहे कधी नाही, असे असता ठरावीक वेळी समोरासमोर तास घेण्याचा आग्रह निष्फळ होतो. त्यापेक्षा मूल सवडीने पाठवील व सवडीने ऐकेल, अशी पद्धत बरी. लांब चित्रफितीपेक्षा लहान आवाजी निरोप कमी डेटात जातो, पुन्हा-पुन्हा ऐकता येतो, आणि ज्या घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नाही, तेथेही तो समजतो. वाचनाच्या सरावासाठी तर मुलाने एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाठविणे, हा उत्तम उपाय आहे. कोणत्या शब्दापाशी ते अडखळते, कोठे अक्षरे जुळवीत बसते, कोठे अर्थ न कळता पुढे जाते, हे सारे त्या आवाजात ऐकू येते. वहीच्या फोटोत ते दिसत नाही. गणिताचेही तसेच. केवळ उत्तर न मागता कच्चे काम मागावे. खोडाखोड असलेले पान स्वच्छ पानापेक्षा अधिक सांगते.

तिसरी गोष्ट अत्यंत नाजूक आहे. वर्गात शिक्षकाने मुलास जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलेली चूक दोघांतच राहते. मोबाइलवरील निरोप मात्र कोपीतील सर्वांच्या कानी पडतो. आई ऐकते, वडील ऐकतात, शेजारचा जोडीदार ऐकतो. म्हणून चुकीविषयीचे सांगणे गटावर कदापि टाकू नये. ते त्या-त्या पालकाच्या क्रमांकावरच जावे. मुलांचे फोटो व आवाज इतरत्र पाठवू नयेत. आणि ज्या शब्दांत सांगावयाचे, ते शब्द घरातील थोरांनीही ऐकावेत असे असावेत. “याला काही येत नाही,” असे एखादे वाक्य शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जाते. वर्गात ते हवेत विरते. कोपीत ते निकालासारखे ऐकले जाते. शिकून काही होत नाही, तर हाती कोयता द्यावा, अशा विचाराप्रत आलेल्या बापास तेवढे एक वाक्य पुरेसे होते. उलट, “काल मोळी सोडता येत नव्हती, आज सोडता आली,” हे वाक्य त्याच बापाने ऐकले, तर उद्या मोबाइल मुलीच्या हाती थोडा अधिक वेळ राहण्याचा संभव आहे. शेऱ्याचे वजन शिक्षकास वाटते त्याहून पुष्कळ अधिक असते, ते असे.

स्तुतीविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. कठोर बोलू नये, याचा अर्थ प्रत्येक कामास ‘उत्कृष्ट’ म्हणावे असा नव्हे. ज्या मुलाने दोन ओळी घाईने लिहून पाठविल्या, त्यास ‘उत्कृष्ट’ म्हटले, तर गुरुजी वाचत नाहीत हे त्यास लगेच कळते, आणि पुढच्या वेळी ते एकच ओळ पाठविते. शाबासकी सकारण असावी. “तिसऱ्या वाक्यात तू बैलाच्या घुंगरांचा आवाज लिहिलास, त्यामुळे गाडी डोळ्यांपुढे आली,” असे म्हटले, म्हणजे काय चांगले होते ते मुलास कळते व ते पुन्हा करण्याची त्यास इच्छा होते.

हे सारे अधिकचे काम आहे काय, असा प्रश्न साहजिक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 29 ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व घालून दिले आणि महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने ते शाळांत आणले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांचा समावेश करण्यात आला, तो मूल शिकत असतानाच त्यास साहाय्य मिळावे म्हणून. दुर्दैवाने वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तकांतून उतरवून घेण्याची वाट अनेकांनी धरली. ‘वर्गात लक्ष देतो’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’, ही वाक्ये एका पटावरून दुसऱ्या पटावर गेली आणि कोणत्या मुलाविषयी काय म्हटले, याचा अर्थ उरला नाही. वर सांगितलेले प्रत्याभरण नीट चालविले, तर नोंद निराळी शोधावी लागत नाही. ‘दशक सोडवून वजाबाकी साहित्याने करते, साहित्याविना अद्याप अडते,’ ही त्या मुलीची नोंद होय. मूल दुसऱ्या गावच्या शाळेत गेले, तर शिक्षण हमी पत्रकाबरोबर असे एक वाक्य गेले, तरी तेथील शिक्षकाचे पंधरा दिवस वाचतील.

अखेरची गोष्ट अशी, की प्रत्याभरण एका दिशेने वाहत नाही. तीस मुलांपैकी वीस मुलांनी तीच चूक केली, तर ती चूक वीस मुलांची नसून पाठाची आहे. तेव्हा वीस निरोप पाठवीत बसण्यापेक्षा शिक्षकाने पाठ बदलून पुन्हा घ्यावा. विद्यार्थ्यास अधूनमधून विचारावे : निरोप ऐकू आला काय? त्यातील काय कळले नाही? कोणती गोष्ट पुन्हा सांगावी? मुले या प्रश्नांना प्रथम गप्प राहतात. कारण असे त्यांस कोणी विचारलेले नसते. दोन-तीनदा विचारल्यावर ती बोलू लागतात, आणि मग शिक्षकासही आपल्या अध्यापनाविषयी ते कळते, जे कोणत्याही तपासणीत कळत नाही.

पाडव्याच्या सुमारास हंगाम संपत येतो, कुटुंबे गावी परततात आणि रिकामे बाक पुन्हा भरतात. पाच महिने दूर राहिलेले मूल वर्गात पाऊल टाकते, तेव्हा इतरांच्या पुढे आपले कसे होईल, याची भीती त्याच्या चेहऱ्यावर असते. ज्या मुलास पाच महिने केवळ अंगठे मिळाले, ते मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि पुढच्या वर्षी कदाचित येतही नाही. ज्या मुलास आठवड्यातून एकदा का होईना, शिक्षकाचे खरे सांगणे मिळाले व ज्याने ते काम पुन्हा करून पाठविले, ते मूल आपली वही उघडून शिक्षकाकडे येते आणि त्या रात्रीचे उदाहरण कोठे अडले होते, हे स्वतःच दाखविते. हे घडावे म्हणून नवीन यंत्राची किंवा नवीन आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज रात्री येणाऱ्या पहिल्या फोटोवर अंगठा उमटविण्यापूर्वी शिक्षकाने ते पान एकदा पूर्ण वाचावे, एक गोष्ट निवडावी, ती सांगावी आणि उद्या ती पुन्हा पाहावी, एवढ्यानेच आरंभ होतो.